शंभर किलोमीटरवरचे मैदान

नवी मुंबईत घणसोलीच्या सेक्टर १२ आणि १२ अ मध्ये वीस एकरांची एक जागा आहे. २००३ मध्ये ती शासकीय क्रीडा संकुलासाठी राखून ठेवली गेली. २०१६ मध्ये सिडकोने तिच्यातला काही भाग घरे आणि दुकाने बांधण्यासाठी खासगी विकसकाला दिला. २०२१ मध्ये राज्य सरकारने क्रीडा संकुलच रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, नाणोरे या गावी हलवायचे ठरवले. घणसोली ते नाणोरे अंतर ११५ किलोमीटर. वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने हे स्थलांतर रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानेही सरकारी बाजूला दाद दिली नाही. उरलीसुरली मोकळी जागा बिल्डरांच्या हवाली करण्याच्या प्रवृत्तीवर पीठाने सुनावणीत कडक शब्दांत बोट ठेवले.

या निकालाची चर्चा शहराचा विजय म्हणून झाली. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या आणे पठारावरून पाहताना मला त्यातला ११५ हा आकडा आधी दिसला. आण्याहून बालेवाडीला जायचे तर अंतर साधारण तेवढेच पडते. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, आणि राज्यातले उत्तम मैदान म्हणून त्याचे नाव आहे. आमच्या भागातल्या मुलांना ते ठाऊक आहे ते निवड चाचणीपुरते. पहाटेची एसटी धरून घाट उतरायचा, आळेफाट्याला गाडी बदलायची, नारायणगाव, मंचर, चाकणची गर्दी ओलांडत पुणे गाठायचे आणि तिथून पुन्हा शहरातली बस. मैदानावर पोहोचेपर्यंत पाय आखडून गेलेले असतात आणि परतीची शेवटची गाडी मिळेल की नाही हा घोर डोक्यात असतो. मुलगा असेल तर एखादा चुलता किंवा शाळेतले सर सोबत जातात. मुलगी असेल तर पुष्कळ घरांत हा प्रवास घडतच नाही. शंभर किलोमीटरवरचे मैदान म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. रोजच्या सरावाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा असते.

शहरातले मैदान लांब गेले की समर्थनाला दोन वाक्ये हमखास पुढे येतात. एक, शहरातली जागा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या सोयींना अपुरी आहे. दोन, ग्रामीण भागालाही विकासाचा वाटा मिळाला पाहिजे. हे दुसरे वाक्य ऐकले की आमच्यासारख्यांनी गप्प बसू नये असे मला वाटते, कारण ते आमच्या नावाने बोलले जाते. माणगावच्या मुलांना मैदान हवेच. पण ते माणगावच्या मुलांची गरज पाहून, तिथल्या लोकांना विचारून, तिथल्या रस्त्याला आणि शाळांना धरून झाले पाहिजे. घणसोलीची जागा रिकामी करायची म्हणून ते तिकडे ढकलले, तर मैदान माणगावात बांधले जाईल पण माणगावचे होणार नाही. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणातच तालुक्यातालुक्यात क्रीडा संकुल उभारायचे ठरले होते. ग्रामीण मुलांची एवढी काळजी असेल तर ती तालुक्याची संकुले धड चालू करण्याचे काम समोर पडलेले आहे. त्यासाठी दुसऱ्या कुणाचे मैदान उचलून आणावे लागत नाही.

घणसोलीच्या बाजूने जी हरकत घेतली गेली ती या अर्थाने आमचीही हरकत होती. तिला मी मनापासून पाठिंबा देतो. तरीही या यशात एक मोठे अपयश दडलेले आहे. २००३ मध्ये जन्मलेले घणसोलीतले मूल २०२४ मध्ये एकवीस वर्षांचे झाले. ज्या वयात धावायचे, उड्या मारायच्या, पोहायला शिकायचे, ते वय कागदपत्रांत निघून गेले. निकाल लागला तेव्हा त्या पिढीचा खेळ संपत आला होता. लोकांची बाजू खरी होती, न्यायालयाने ती मान्य केली, आणि तरी एवढा उशीर झाला. हे का घडते, याचे उत्तर आपल्या नियोजनाच्या कायद्यात आहे, आणि ते फारसे कुणी उलगडून सांगत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. शहराचा विकास आराखडा तयार झाला की कलम २६ खाली तो प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवतात. मंजूर आराखड्यात पुढे बदल करायचा असेल तर कलम ३७ आहे. त्याखाली राजपत्रात सूचना निघते आणि एक महिन्याच्या आत कुणीही हरकत नोंदवू शकतो. तरतूद चांगली आहे. ‘कुणीही’ म्हटले आहे, फक्त मालक किंवा करदाते नव्हेत. पण राजपत्र वाचतो कोण? वर्तमानपत्रात जी सूचना येते तिच्यात सर्व्हे नंबर असतात, मीटर असतात, ‘सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागातून रहिवास विभागात’ असे शब्द असतात. ज्या मुलांचे मैदान त्या ओळीत विरघळते आहे त्यांच्या आईबापांना ती आपल्याबद्दल आहे हे कळायचे कसे?

याहून खोल अडचण पुढे आहे. या सगळ्या तरतुदी नकाशावरच्या रंगाबद्दल आहेत. जागेवर कोणते आरक्षण आहे, ते बदलायचे का, एवढेच लोकांना विचारले जाते. त्या जागेवर प्रत्यक्ष काय आणि कसे बांधायचे, हे विचारण्याची जागाच नाही. समजा एखाद्या जुन्या स्टेडियमची जागा आराखड्यात स्टेडियम म्हणूनच दाखवली आहे. तिथले सगळे पाडून दुप्पट उंचीचे, तिप्पट लोक मावतील असे नवे बांधायचे ठरले. आरक्षण तेच राहते, म्हणून फेरबदलाची सूचना नाही. कलम ४४ खाली बांधकाम परवानगीचा अर्ज होतो. तो अर्जदार आणि नियोजन प्राधिकरण यांच्यातला मामला. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याला कळवायचे बंधन नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वरचे बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, तिथे तरी जनसुनावणी होत असेल असे कुणाला वाटेल. पण २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेने इमारत व बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. कारखान्यासाठी, खाणीसाठी गावात मांडव घालून सुनावणी होते. हजारो माणसे एका वेळी गोळा करणाऱ्या वास्तूसाठी होत नाही. शेजाऱ्याला बातमी कळते ती जागेभोवती पत्रे ठोकले जातात तेव्हा. तोवर नकाशे मंजूर, निविदा निघालेली, ठेकेदार नेमलेला. आता त्याने बोलायचे म्हटले तर एकच दार उघडे राहते, न्यायालयाचे.

आणि न्यायालय हे नकाशा सुधारण्याचे ठिकाण नाही. निर्णय कायद्याला धरून झाला की नाही, एवढेच ते पाहू शकते. ‘प्रेक्षागाराची ही बाजू दोन मजले कमी करा, दुसरे फाटक मागच्या गल्लीत नको, सराव मैदान सकाळी सहा ते नऊ शाळांना उघडे ठेवा’ अशा गोष्टी याचिकेत मागून मिळत नाहीत. तिथे काम रद्द तरी होते नाहीतर पुढे तरी जाते. ज्याला फाटकाची जागा बदलून हवी होती तो नाइलाजाने अख्खे काम थांबवायला उभा राहतो, आणि मग आपण त्याला विकासविरोधी म्हणतो. आपल्याकडच्या हरकतींना जो आडमुठेपणाचा शिक्का बसला आहे तो माझ्या मते माणसांच्या स्वभावातून आलेला नाही. बोलण्याची वेळ चुकीची ठेवली, म्हणून बोलणे टोकाचे झाले.

वेळेवर ऐकले तर काय होते याचे उदाहरण डब्लिनमध्ये उभे आहे. आयर्लंडच्या राजधानीतले लॅन्सडाऊन रोडचे मैदान एकोणिसाव्या शतकातले. रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने तिथे १८७८ पासून होत आले. ते पाडून राष्ट्रीय फुटबॉल आणि रग्बी संघांसाठी नवे स्टेडियम बांधायचे ठरले. मैदानाच्या उत्तरेला हॅवलॉक स्क्वेअर नावाची जुन्या बैठ्या घरांची ओळ आहे, अगदी काही पावलांवर. आयर्लंडमध्ये अशा कामाचा अर्ज झाला की जागेवर फलक लावावा लागतो, आणि वीस युरो भरून पाच आठवड्यांच्या आत कुणीही आपले म्हणणे लेखी देऊ शकतो. निर्णय पटला नाही तर राष्ट्रीय अपील मंडळाकडे जाता येते. रहिवाशांनी ते सगळे केले. उंच प्रेक्षागार आले तर आमच्या खिडक्यांत सूर्य येणार नाही, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता.

२००७ मध्ये मंडळाने परवानगी दिली. २०१० मध्ये ५१,७०० आसनांचे स्टेडियम खुले झाले, आणि त्याच्याकडे नुसते पाहिले तरी वाद कसा मिटला ते कळते. तीन बाजूंनी प्रेक्षागार मजल्यावर मजले चढत जाते आणि उत्तरेकडे येताच छताची रेघ लाटेसारखी खाली उतरते. त्या टोकाला आसनांच्या थोड्याच रांगा आहेत, आणि त्यांच्यावरचे आच्छादन पारदर्शक आहे, उजेड पलीकडे जावा म्हणून. राष्ट्रीय स्टेडियमने आपली एक अख्खी बाजू काही बैठ्या घरांसाठी खाली घेतली. हजारो तिकिटांवर पाणी सोडले. स्टेडियम त्यामुळे विद्रूप झाले का? आज त्या वास्तूचे जे छायाचित्र जगभर ओळखले जाते ते त्या उतरत्या छताचेच आहे. सगळे शेजारी खूश झाले असतील असे मी म्हणणार नाही. अशा कामात कुणीच पुरता खूश होत नसतो. पण हरकत नकाशात शिरली. आपल्याकडे ती फायलीत शिरते.

हे सगळे परदेशातले, आपल्याला कसे जमायचे, असे कुणी म्हणेल. मला वाटते आपल्या गावांना हे नवीन नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या गावागावांत बैलगाडा घाट आहेत. चढाची लांब धाव, दोन्ही बाजूंना माणसांनी भरलेले बांध, खाली गाडा जुंपण्याची जागा, पुढे धावणारी घोडी, वर निशाण आणि सेकंद मोजणारे पंच. यात्रेच्या दिवशी हजारोंनी माणूस लोटतो. आमच्याकडचे हे स्टेडियमच आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शर्यतीची बारी सुटत नाही. बैलांना चाबूक, काठी, टोचणी लागू नये यासाठीच्या अटी योग्यच आहेत. बाहेरच्यांच्या आक्षेपांमुळे आमचा खेळ बदलला आणि तो सुधारला, हे इथल्या माणसाने मोकळेपणी मान्य करावे.

पण सरकारी कागदाच्या आधी गावात एक दुसरी परवानगी होत असते, आणि तिच्याकडे शहाण्यांनी लक्ष द्यावे. घाटाला लागून ज्याचे शेत आहे त्याच्या घरी यात्रा कमिटीची माणसे जातात. कांदा निघाला का, निघाला नसेल तर कधी निघेल, बांध तुडवला तर भरपाई काय, बैलांचे टेम्पो कुणाच्या पडीक रानात लावायचे, पाण्याचा टँकर कुठे उभा राहील, कुणाला लागले तर गाडी कोणत्या वाटेने बाहेर काढायची, हे सगळे त्या ओट्यावर ठरते. तारीखसुद्धा काही वेळा पुढेमागे होते. कुणी ‘नाही’ म्हणाला तर त्याच्याशी पुन्हा बोलतात, भाऊबंद मध्ये घालतात. ‘तात्या, तुमचं रान वाचवू, पण वाट तेवढी द्या’ असे म्हणत मार्ग काढतात. आण्यात रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीच्या पंगती बसतात तेव्हाही हेच घडते. आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकरी येतात आणि गर्दी कुठून येणार, कुठे बसणार, कुठून जाणार हे ज्यांच्या दारावरून ती जाणार त्यांना आधी माहीत असते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातले वैगुण्य झाकू नये. ओट्यावरच्या त्या बोलण्यात जमीनवाले असतात. ज्याच्या नावावर गुंठा नाही, जो ठाकरवाडीत राहतो, ज्याची शेरडे त्या गायरानावर चरतात, त्याला विचारायला कुणी जात नाही. बाया तर नसतातच. त्या दिवशी पाणी कुठून आणायचे हा प्रश्न मात्र त्यांच्यावर पडतो. ग्रामसभेचा कायदा यापेक्षा पुढे आहे. तिथे प्रत्येक मतदाराला बोलण्याचा हक्क आहे आणि गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढीही माणसे अनेकदा जमत नाहीत आणि तहकूब सभेत विषय उरकले जातात. म्हणजे ओट्यावर माणसे असतात पण सगळी नसतात, आणि सभेत सगळ्यांना हक्क असतो पण माणसे नसतात. या दोहोंचा सांधा जुळवणे हे खरे काम आहे. तरीही एक गोष्ट त्या ओट्याकडून शिकण्यासारखी आहे: गावकी शेजाऱ्याकडे जाते ती बारी सुटायच्या आधी.

हरकत कुणाची ऐकली जाते, हा प्रश्न टोकियोने फार कठोरपणे दाखवून दिला. २०२० च्या ऑलिंपिकसाठी तिथले जुने राष्ट्रीय स्टेडियम पाडून नवे बांधायचे होते. वास्तुविशारद झाहा हदीद यांचे भव्य संकल्पचित्र निवडले गेले. फुमिहिको माकी यांच्यासारख्या ज्येष्ठ जपानी वास्तुविशारदांनी हरकत घेतली की हे बांधकाम भोवतालच्या जुन्या, झाडीने भरलेल्या परिसराच्या मानाने अवाढव्य आहे. खर्चाचा अंदाज अडीचशे अब्ज येनच्या वर गेला, लोक संतापले, आणि जुलै २०१५ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी तो आराखडा मोडीत काढला. पुढे केंगो कुमा यांचे लाकडाचा वापर असलेले, बुटके स्टेडियम उभे राहिले. हरकतीची ही मोठी यशोगाथा मानली जाते. पण त्याच जागेलगत कासुमिगाओका नावाची सरकारी चाळवजा वसाहत होती. तिच्यात म्हातारी माणसे राहत. त्यांच्यातल्या काहींची घरे १९६४ च्या ऑलिंपिकसाठीही गेली होती. त्यांनीही हरकत घेतली. ती कुणी ऐकली नाही. वसाहत पाडली गेली, आणि एकाच खेळसोहळ्याच्या नावाखाली काही माणसे आयुष्यात दुसऱ्यांदा बेघर झाली. नामवंतांच्या हरकतीने छताचा आकार बदलला. भाडेकरूंच्या हरकतीने एक खोलीही वाचली नाही.

आपल्याकडे हा धोका जास्तच आहे. शहरात हरकत घेणारा बहुधा पक्क्या घरातला, इंग्रजी अर्ज लिहिता येणारा, वकील परवडणारा असतो. त्याला शांतता हवी असते. मैदानावर खेळणारी मुले बऱ्याचदा लांबच्या वस्तीतून आलेली असतात, त्यांना जागा हवी असते. दादरच्या शिवाजी पार्कबद्दल रहिवाशांनी आवाजाच्या त्रासाची तक्रार न्यायालयात नेली आणि २०१० मध्ये ते मैदान शांतता क्षेत्र ठरले. मला ती मागणी रास्त वाटते. आजारी माणसाच्या कानाशी रात्रभर भोंगे वाजवण्याचा हक्क कुणालाच नसतो. पण हीच भाषा वापरून उद्या कुणी ‘पोरांचा गोंगाट नको, मैदानाला कुलूप लावा’ म्हणाला तर त्याला तितक्याच ठामपणे नकार दिला पाहिजे. हरकत ऐकणे आणि हरकत मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणे प्रत्येकीचे, मानणे मात्र तपासून. तपासायची कसोटी अवघड नाही: या हरकतीने ती जागा जास्त लोकांना वापरता येईल की कमी? घणसोलीची हरकत या कसोटीवर निर्विवाद उतरते. बंगळुरूत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली तेव्हा शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले, आणि ती जागा उद्यानच राहिली. तिथेही कसोटी हीच होती.

आता या म्हणण्याला सर्वांत जोरदार विरोध कुठून होईल, तेही पाहू. बेलफास्टमध्ये केसमेंट पार्क हे गेलिक खेळांचे मैदान २०१३ पासून बंद पडून आहे. तिथे मोठे स्टेडियम बांधायला परवानगी मिळाली, शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये परवानगी रद्द झाली. २०२१ मध्ये लहान आराखड्याला नवी परवानगी मिळाली. तोवर खर्च इतका वाढला की २०२४ मध्ये २०२८ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचे यजमानपदही हातचे गेले. एका पिढीचे मैदान तणांनी भरले. याचे खापर हरकत घेणाऱ्यांवर फोडता येते, आणि पुष्कळांनी फोडले. पण परवानगी रद्द होण्याचे कारण पाहावे: मोठ्या सोहळ्यांचा भोवतालच्या वस्तीवर काय परिणाम होईल हे मंजुरी देताना नीट तपासलेच नव्हते. पुढे गर्दीला आणीबाणीत बाहेर काढण्याच्या वाटा पुरेशा नाहीत, असे सुरक्षेच्या जाणकाराने सांगितले. शेजारी जे विचारत होते तेच हे होते. आधी उत्तर दिले असते तर ती वर्षे गेली नसती. ऐकायला लागणारे सहा महिने वाचवायला जावे आणि न्यायालयात दहा वर्षे घालवावीत, हा हिशेब कोणत्याही सरकारला परवडण्यासारखा नाही.

गर्दी बाहेर काढण्याची वाट, हा मुद्दा आपल्याला आता रक्ताने कळला आहे. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. आतल्या आसनांचा हिशेब सगळ्यांकडे असतो. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एका वेळी किती माणूस उभा राहू शकतो, पावसात तो रस्ता कुठे तुंबतो, कोपऱ्यावरच्या टपऱ्यांमुळे वाट कुठे आवळते, हे ज्ञान नकाशा काढणाऱ्याकडे नसते. ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे असते, समोरच्या इमारतीच्या रखवालदाराकडे असते. त्यांना विचारणे हा सौजन्याचा भाग नाही, सुरक्षेच्या तपासणीचा भाग आहे. यात्रेत गाडी कुठल्या वाटेने बाहेर काढायची हे आमच्याकडे ज्याचे रान त्याला विचारतात, ते याच कारणाने.

पुढच्या काही वर्षांत देशात स्टेडियमांची बांधकामे वाढणार आहेत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, ऑलिंपिकची आस आहे, जुनी मैदाने पाडून क्रीडानगऱ्या उभारण्याच्या घोषणा होत आहेत. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकरांवर उद्यान करण्याचे ठरले, त्यावरही नागरिक नेमका हाच प्रश्न विचारत राहिले की जमिनीवर आणि जमिनीखाली प्रत्यक्षात काय बांधणार ते आम्हाला आधी दाखवा. ही मागणी अवाजवी नाही आणि ती पुरी करायला नवा मोठा कायदाही लागत नाही. २००६ च्या अधिसूचनेत एक दुरुस्ती करून ठरावीक प्रेक्षकसंख्येच्या वरच्या स्टेडियमांना जनसुनावणी लागू करता येईल. बांधकाम परवानगीच्या नियमांत जागेवर मराठीत फलक लावण्याचे बंधन घालता येईल. त्या फलकावर सर्व्हे नंबरांबरोबर एक साधे चित्र असावे: किती उंच, फाटके कुठे, डिसेंबरात सावली कुणाच्या अंगणात, सामना नसलेल्या दिवशी मैदान कुणाला आणि किती वाजता उघडे. महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून आहे. शहरांनी ती वापरात आणलीच नाही. अशा कामासाठी ती बोलवावी. आणि आलेल्या प्रत्येक हरकतीचे काय केले, मानली तर नकाशात कुठे आणि नाकारली तर का, हे लेखी प्रसिद्ध व्हावे. ‘हरकतींचा विचार करण्यात आला’ या एका ओळीवर भागवू नये.

खर्चाचे कारण कुणी पुढे करू नये. एका स्टेडियमच्या दिव्यांच्या खांबांवर जेवढा पैसा लागतो त्याच्या अंशातही या सगळ्या सभा होतील. वेळेचे कारणही टिकत नाही, ते बेलफास्टने आणि घणसोलीने दाखवले आहे. उरते ते एकच कारण: विचारले तर लोक नाही म्हणतील, ही भीती. माझा अनुभव उलटा आहे. आधी विचारलेला शेतकरी बहुतेक वेळा वाट देतो. न विचारता ज्याच्या बांधावरून ट्रॅक्टर गेला, तोच कोर्टात जातो आणि मग तडजोडीला तयार होत नाही.

घणसोलीची जागा आता वाचली आहे, पण तिथल्या लोकांनी निकालाची प्रत कपाटात ठेवून स्वस्थ बसू नये. वीस एकरांत काय होणार, धावपट्टी मातीची की कृत्रिम, तरण तलावाचे शुल्क किती, जवळच्या गावठाणातली आणि झोपडवस्तीतली पोरे आत कशी येणार, हे ठरायचे आहे, आणि हीच बोलण्याची वेळ आहे. नाणोऱ्याच्या ग्रामस्थांनीही आपली मागणी सोडू नये. घणसोलीचे मैदान तिकडे गेले नाही म्हणून माणगावची गरज संपत नाही. त्यांनी ग्रामसभेत स्वतःचा ठराव करावा: आम्हाला संकुल हवे, ते एवढ्या आकाराचे, या रस्त्यालगत, या शाळांच्या चालत जाण्याच्या अंतरात, आणि गायरानाचा इतका भाग गुरांसाठी सोडून. तसा ठराव आम्हीही करायला हवा. आणे, पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी मिळून पठारावर एक चारशे मीटरची धावपट्टी मागितली तर ती बालेवाडीच्या तोडीची नसेल, पण शाळा सुटल्यावर पोरी तिथे पळून दिवेलागणीच्या आत घरी येतील.